परतीचं भाडं : डेक्कन 360 का थांबली आणि कवलापूरहून काय उडू शकेल

तासगाव तालुक्यातल्या एका तरुणाने मला दोन प्रश्न विचारले आहेत. घरची द्राक्षबाग आहे आणि शिक्षण लॉजिस्टिक्सचं झालंय. पहिला प्रश्न असा, की कॅप्टन गोपीनाथ यांची डेक्कन 360 ही मालवाहू विमान कंपनी एवढी चांगली कल्पना घेऊन आली, तरी दोन वर्षांच्या आत का थांबली? दुसरा असा, की उद्या सांगलीजवळच्या कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवर विमानतळ झाला, तर आपल्या भागातल्या मालासाठी एखादी छोटी मालवाहू विमानसेवा चालेल का? त्याने मला काका म्हणून लिहिलंय, म्हणून उत्तरही एकेरीतच देतो.

मी मूळचा मिरजेचा. 27 वर्षं मुंबईत विमानाच्या मालवाहतुकीत काढली. आधी सहारच्या कार्गो कॉम्प्लेक्समध्ये रात्रपाळीला लोडिंगवर होतो, मग लोड प्लॅनिंगला, म्हणजे कुठलं पॅलेट (ज्यावर माल रचून जाळीने बांधतात तो सपाट पाट) विमानात कुठे बसेल आणि विमानाचा तोल कसा राहील याचा हिशेब मांडायला. शेवटची दहा वर्षं एका फॉरवर्डरकडे, म्हणजे गिऱ्हाइकाचा माल घेऊन विमान कंपनीकडे देणाऱ्या मध्यस्थाकडे, निर्यातीचं काम पाहिलं. पण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सहारला मिळालं नाही. ते त्याच्या कितीतरी आधी, सांगलीच्या मार्केट यार्डात मिळालं होतं.

माझे वडील तिथे एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क होते. हळदीची गाडी दिल्लीला किंवा राजस्थानला भरायची म्हटलं की गाडीमालक आधी हळदीचं भाडं विचारायचाच नाही. त्याचा पहिला प्रश्न असायचा, "परतीचं काय?" जाताना गाडी गच्च भरली, पण येताना रिकामी आली, तर डिझेल, टायर आणि ड्रायव्हरचा पगार एकाच बाजूच्या भाड्यातून काढावा लागतो. मग तो भाव तरी वाढवून मागायचा, नाहीतर गाडी तिकडे उभी करून परतीचा माल मिळेपर्यंत थांबायचा. ड्रायव्हर गाडीशेजारी स्टोव्ह पेटवून चार-चार दिवस काढायचे.

मालवाहू विमानाचा सगळा धंदा याच प्रश्नावर उभा आहे. फरक एवढाच की विमानाला चार दिवस थांबता येत नाही. उभ्या विमानाचं लीजचं भाडं, विमा, पायलटचे पगार, देखभाल आणि पार्किंग यांचं मीटर चालूच राहतं. आणि प्रवाशांसारखा माल परत येत नाही. मिरजेहून मुंबईला गेलेला माणूस चार दिवसांनी मिरजेलाच येतो, म्हणून प्रवासी विमानाला दोन्ही बाजूंना साधारण सारखी गर्दी मिळते. माल गेला तो गेला. औषधं कारखान्यातून बाजाराकडे जातात, बाजारातून कारखान्याकडे काही येत नाही.

आता डेक्कन 360 कडे वळतो. कॅप्टन जी. आर. गोपीनाथ लष्करातून बाहेर पडून रेशीमशेती करणारे गृहस्थ. 2003 मध्ये त्यांनी एअर डेक्कन सुरू केली आणि ज्याने कधी विमानाची पायरी पाहिली नव्हती अशा माणसाला विमानात बसवलं. पुढे ती कंपनी विजय मल्ल्यांच्या किंगफिशरकडे गेली. त्यानंतर गोपीनाथांनी मालाकडे मोर्चा वळवला. 2009 च्या अखेरीस डेक्कन 360 उडू लागली, आणि तिचं केंद्र होतं आपल्या महाराष्ट्रातलं नागपूर. मोठ्या मार्गांवर एअरबस ए-310 जातीची मालवाहू विमानं, छोट्या शहरांसाठी एटीआर ही पंख्याची छोटी विमानं, आणि विमानतळापासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत ट्रक, अशी रचना होती. 2010 मध्ये रिलायन्सने कंपनीत 26 टक्के हिस्सा घेतला. मे 2011 मध्ये विमानं जमिनीवर आली आणि पुन्हा उडाली नाहीत. ज्यांचे पैसे कंपनीकडे थकले होते ते कर्नाटक उच्च न्यायालयात गेले.

नागपूर का, हे समजून घेण्यासारखं आहे. नकाशात नागपूर देशाच्या मधोमध आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू या सगळ्यांकडून संध्याकाळी विमानं निघतात आणि मध्यरात्रीच्या सुमाराला नागपुरात उतरतात. तिथे दोन-तीन तासांत माल उतरवायचा, शहराप्रमाणे वेगळा करायचा, पुन्हा भरायचा आणि पहाटेपर्यंत सगळी विमानं आपापल्या गावी पोचती करायची. पाच शहरं एकमेकांना थेट जोडायची तर दहा जोड्या होतात. मध्ये एक केंद्र ठेवलं की पाचच मार्गांत काम होतं. आपल्या एसटीला स्वारगेट जसं, तसं हे.

ही पद्धत अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस (आजची फेडेक्स) या पार्सल कंपनीने सिद्ध करून दाखवली होती. 17 एप्रिल 1973 च्या रात्री त्यांनी मेम्फिसहून 14 छोटी फाल्कन विमानं 25 शहरांसाठी सोडली, आणि त्या रात्री त्यांच्याकडे एकूण 186 पार्सलं होती. म्हणजे एका विमानाच्या वाट्याला तेरा-चौदा खोके. हा आकडा मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. केंद्राची पद्धत पहिल्या दिवसापासून पूर्ण चालवावी लागते. निम्मी शहरं जोडून चालत नाही, कारण गिऱ्हाइकाला सगळीकडे पोचवणारा हवा असतो. म्हणजे खर्च पहिल्या रात्रीपासून पूर्ण, आणि माल मात्र महिन्यामहिन्याने वाढणार. मधला खड्डा भरायला खोल खिसा लागतो. फेडरल एक्स्प्रेसलाही नफ्यात यायला दोनहून जास्त वर्षं लागली आणि तोवर कंपनी अनेकदा बुडता बुडता वाचली. डेक्कन 360 ला तेवढा अवधीच मिळाला नाही.

अवधी का मिळाला नाही, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. त्या वर्षांत मी रोज देशांतर्गत मालाचे दर बघत होतो.

पहिलं कारण करांचं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. 2017 पर्यंत आपल्याकडे जीएसटी नव्हता. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तो टाळायला प्रत्येक मोठी कंपनी प्रत्येक राज्यात आपलं गोदाम ठेवायची आणि तिथे माल स्वतःच स्वतःकडे पाठवायची. म्हणजे साबण, औषध, पंखा, मोबाइल हे सगळं आधीच गिऱ्हाइकाच्या राज्यात येऊन पडलेलं असायचं. ज्याचं गोदाम कोल्हापूर रोडवर आहे, त्याने दिल्लीहून रात्रीच्या विमानाने माल का मागवावा? वर मुंबईसारख्या शहरात जकात होती. विमान दोन तासांत आलं तरी टेम्पो नाक्यावर कागद दाखवत उभा. विमानाने वाचवलेला वेळ जमिनीवर जायचा.

दुसरं, रात्रीत पोचायलाच हवीत अशी लाखो छोटी पार्सलं तेव्हा आपल्याकडे तयार होत नव्हती. फ्लिपकार्ट 2007 ची, पण तेव्हा ती प्रामुख्याने पुस्तकं विकत होती. डेल्हिव्हरी 2011 मध्ये सुरू झाली, म्हणजे डेक्कन 360 थांबली त्याच वर्षी. अ‍ॅमेझॉनचं भारतातलं दुकान 2013 चं. क्विकजेट या कंपनीची विमानं वापरून अ‍ॅमेझॉनने स्वतःची हवाई सेवा भारतात आणली ती थेट 2023 मध्ये. गोपीनाथांनी पाहिलेलं खरं होतं, पण पेरणी मृग निघायच्या आधी झाली. तू द्राक्षवाल्याचा मुलगा आहेस. छाटणी पंधरा दिवस आधी झाली आणि फुलोऱ्यात पाऊस सापडला तर काय होतं, हे तुला मी सांगायला नको.

तिसरं कारण इंधन. मालवाहू विमानं बहुतेक जुनी असतात. प्रवासी कंपनीने पंधरा-वीस वर्षं वापरून सोडलेलं विमान घ्यायचं, खुर्च्या काढायच्या, बाजूला मोठा दरवाजा कापायचा आणि जमिनीला रोलर बसवायचे. हे काटकसरीपायी आहे आणि त्यामागे नीट हिशेब आहे. पार्सलचं विमान फक्त रात्री चार-पाच तास उडतं. दिवसभर उभं राहणाऱ्या विमानात नव्याकोऱ्या विमानाएवढे पैसे गुंतवून परवडत नाही. पण जुनं विमान इंधनाला भारी असतं, आमच्या भाषेत ‘पिणारं’ असतं. खनिज तेल स्वस्त असलं की हे गणित जमतं. 2008 च्या अखेरीस तेल पिंपाला 40 डॉलरपर्यंत खाली आलं होतं, आणि नव्या कंपनीचे आराखडे अशाच दिवसांत कागदावर सुंदर दिसतात. 2011 च्या सुरुवातीला अरब देशांत उठाव झाले आणि तेल 100 डॉलरच्या वर गेलं. त्यात विमानाच्या इंधनावर प्रत्येक राज्याचा वेगळा कर. आजही ते जीएसटीत आलेलं नाही.

आता परतीच्या भाड्याचा हिशेब या विमानाला लावून बघ. ए-310 मध्ये साधारण 35 टन माल बसतो असं धर. समजा दिल्लीहून दक्षिणेकडे जाताना 30 टन मिळाले आणि परत येताना 9. ये-जा मिळून 70 टनांची जागा उडवली आणि 39 टन विकले, म्हणजे छप्पन टक्के. त्यातही परतीचे 9 टन पूर्ण दराने मिळत नाहीत. व्यापाऱ्याला माहीत असतं की तुझं विमान रिकामं जाणार आहे, तो दर पाडूनच बोलतो. बेदाण्याच्या सौद्यात आवक जास्त झाली की जे होतं तेच. आमच्याकडे अशा मार्गावर खर्च निघायला पासष्ट-सत्तर टक्के जागा बऱ्या दराने विकावी लागते, असा अंदाज धरून चालायचो. त्याखाली प्रत्येक फेरी थोडं थोडं रक्त काढते.

चौथं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. मालवाहू विमान कंपनीचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी मालवाहू कंपनी नसते. तो असतो प्रवासी विमानाचं पोट, म्हणजे खालचा सामानाचा कप्पा. आम्ही त्याला बेली म्हणतो. प्रवाशांच्या तिकिटांत विमानाचा खर्च निघालेला असतो, त्यामुळे बेलीत माल मिळाला तर तो वरकड पैसा. ते लोक किलोमागे अशा दराने माल घेऊ शकतात ज्या दरात फ्रेटरचं, म्हणजे निव्वळ मालवाहू विमानाचं, इंधनही निघत नाही. जगात विमानाने जाणाऱ्या मालापैकी निम्म्याच्या आसपास माल असाच प्रवाशांच्या पायाखालून जातो. 2009 ते 2011 ही तर भारतात प्रवासी विमानं झपाट्याने वाढण्याची वर्षं. दर तासाला दिल्ली-मुंबई, प्रत्येकाच्या पोटात जागा.

बेलीचा दोषही सांगतो, म्हणजे फ्रेटर कुठे लागतो ते तुला कळेल. एका जानेवारीत मी भिलार आणि पाचगणीकडच्या शेतकऱ्यांची स्ट्रॉबेरी मुंबईहून बाहेरगावी पाठवत होतो. गाडी रात्री वाई उतरून निघाली, पहाटे वेळेत पोचली, कागद झाले, सुरक्षा तपासणी झाली. त्या दिवशी विमान प्रवाशांनी भरलं आणि बॅगा जास्त आल्या. कंपनीने माल ऑफलोड केला, म्हणजे चढवलेला माल खाली उतरवून पुढच्या विमानासाठी बाजूला ठेवला. बाजूला म्हणजे उघड्यावर, डांबरावर, ट्रॉलीत. मला फोन आला दुपारी दोनला. संध्याकाळी मी खोके उघडले तेव्हा खालच्या पनेटना, म्हणजे फळांच्या छोट्या डब्यांना, पाणी सुटलेलं होतं. 600 किलो माल. शेतकऱ्याला फोन करून हे सांगणं फार जड गेलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, फक्त "बरं" एवढंच म्हणाला, आणि ते मला अजून आठवतं. नियमाप्रमाणे विमान कंपनीचं काही चुकलं नव्हतं. बॅग आधी, माल नंतर, हे करारात लिहिलेलंच असतं. फ्रेटरमध्ये माल हाच प्रवासी असतो. त्या हमीचे पैसे देणारा गिऱ्हाईक ज्याच्याकडे आहे, त्याचा फ्रेटर चालतो.

मग आपल्याकडे कुणाचा चालला? ब्लू डार्टचा. त्यांचा क्रम बघ. 1983 मध्ये मुंबईत कुरियर म्हणून सुरुवात केली आणि बारा-तेरा वर्षं दुसऱ्यांच्या विमानांतून पार्सलं पाठवली. त्यातून कुठल्या शहरातून कुठे रोज किती किलो जातं, सोमवारी किती, शुक्रवारी किती, दिवाळीत किती, हे सगळं त्यांच्या वहीत होतं. मग 1996 मध्ये स्वतःची बोइंग 737 विमानं आणली. विमान आलं तेव्हा त्यात भरायचा माल आधीच दारात उभा होता. पुढे बहुसंख्य हिस्सा डीएचएलकडे गेला आणि मोठी 757 आली. त्यांनी पाय अंथरूण पाहून पसरले आणि ते अजून उडत आहेत. 1990 च्या दशकात हिंदुजा आणि लुफ्तान्झा यांनी मिळून मालवाहू कंपनी काढली होती, ती काही वर्षांत मिटली. हैदराबादच्या फ्लायिंग्टनने तर नव्या मोठ्या मालवाहू विमानांच्या ऑर्डरी नोंदवल्या होत्या, पण ती विमानं तिच्या ताफ्यात कधी आलीच नाहीत. विमान आधी घ्यायचं आणि माल नंतर शोधायचा, हे मी कुठेच टिकलेलं पाहिलेलं नाही.

यावर तू म्हणशील, मोठ्या कंपन्या तरी टिकतात ना? म्हणून फ्लाइंग टायगरची गोष्ट सांगतो. मी तिच्याबद्दल बरंच वाचलंय, आणि ती सुरू झाली फळांपासून, म्हणून ती आपल्याला जवळची.

दुसऱ्या महायुद्धात चीनच्या बाजूने लढलेल्या अमेरिकी वैमानिकांच्या तुकडीचं टोपणनाव फ्लाइंग टायगर्स. त्यातला रॉबर्ट प्रेस्कॉट हा वैमानिक 1945 मध्ये घरी परतला आणि जुन्या साथीदारांना घेऊन त्याने मालाची विमान कंपनी काढली. लष्कराने काढून टाकलेली कॉनेस्टोगा जातीची विमानं घेतली. सुरुवातीच्या फेऱ्यांत कॅलिफोर्नियाची फळं आणि फुलं देशाच्या दुसऱ्या टोकाला नेली, आणि त्यात द्राक्षंही होती. 1949 मध्ये त्यांना मालासाठी ठराविक मार्गाचा सरकारी परवाना मिळाला. पण त्यांना खरं उभं केलं ते लष्कराच्या कंत्राटांनी, आधी कोरिया आणि मग व्हिएतनाम. म्हणजे परतीचं भाडं सरकार भरत होतं. सैनिकांचं सामान तिकडे नेलं की जाण्याचे पैसे वसूल झालेले असायचे, आणि येताना जपान, तैवान, हाँगकाँगच्या कारखान्यांचा माल मिळायचा. असा जोड मार्ग मिळणं हे या धंद्यातलं भाग्य. 1970 च्या दशकात त्यांनी 747 फ्रेटर आणले. एका विमानात 100 टन.

मग तीन गोष्टी पाठोपाठ झाल्या. 1977 मध्ये अमेरिकेने मालवाहतुकीवरची परवान्याची बंधनं उठवली. ज्या मार्गावर टायगरची मक्तेदारी होती त्यावर कुणीही उडू शकणार होता. याच मोकळिकीचा फायदा फेडरल एक्स्प्रेसने घेतला. तोवर त्यांना फक्त छोटी विमानं चालवायची मुभा होती, आता त्यांनी बोइंग 727 घेतली. 1978 मध्ये प्रेस्कॉट वारला. आणि 1980 मध्ये टायगरने अटलांटिकवर उडणारी सीबोर्ड वर्ल्ड ही स्पर्धक कंपनी विकत घेतली. दोन कंपन्यांची वेगवेगळी विमानं, दोन पायलट संघटना, सेवाज्येष्ठतेचे वाद, कर्ज, आणि त्याच वेळी मंदी. जगातली सर्वांत मोठी मालवाहू कंपनी झाली आणि त्याच सुमाराला आतून पोखरली गेली.

पण मला वाटतं, मुळातलं दुखणं वेगळं होतं. टायगर विमानतळ ते विमानतळ माल न्यायची. माल आणायचा फॉरवर्डर. म्हणजे गिऱ्हाईक फॉरवर्डरचं, टायगरचं नाही. दर पाच पैशांनी वाढवला की फॉरवर्डर दुसऱ्याकडे जायचा. मी स्वतः फॉरवर्डरकडे होतो, आम्हीही तेच करायचो. त्यात गैर काही नाही, पण ज्याच्या दारात गिऱ्हाईक येत नाही तो दर ठरवू शकत नाही. फेडरल एक्स्प्रेस मात्र गिऱ्हाइकाच्या टेबलावरून पाकीट उचलायची आणि दुसऱ्या टेबलावर ठेवायची. 1988 च्या डिसेंबरमध्ये तिने टायगर विकत घ्यायचं जाहीर केलं आणि ऑगस्ट 1989 मध्ये टायगरचं नाव विमानांवरून पुसलं गेलं. विमानांपेक्षा त्यांना हवे होते टायगरने 40 वर्षांत जमवलेले आशियातले उतरण्याचे हक्क. कंपनी गेली, तिचे मार्ग आजही चालू आहेत.

कोरोनाबद्दलही थोडं सांगतो, कारण 2020 नंतर पुष्कळ जणांना हा धंदा सोन्याचा वाटू लागला. मार्च 2020 मध्ये प्रवासी विमानं थांबली, बेलीची जागा एका रात्रीत नाहीशी झाली आणि दर काही पटींनी वाढले. त्या दिवसांत ज्यांनी पुढच्या दहा वर्षांची गणितं मांडली त्यांना प्रवासी परत आल्यावर खरं चित्र दिसलं.

आता कवलापूर.

तुझ्या मनात द्राक्षं आहेत हे मला कळतं. पण द्राक्षाला विमानाची गरज नाही. तोडणी झाली की पॅकहाऊसमध्ये काही तासांत प्रीकूलिंग, खोक्यात सल्फरचा कागद, शून्य अंशाच्या आसपास तापमान, आणि माल न्हावाशेवाहून कंटेनरने युरोपला. साखळी तुटली नाही तर द्राक्ष महिना-सव्वा महिना आरामात काढतं. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली तेव्हा दिवस वाढले, वाहतुकीचा खर्च वाढला, आणि तरीही द्राक्षं जहाजानेच गेली. एका कंटेनरमध्ये बारा-तेरा टन माल बसतो. 747 सारखं प्रचंड विमान म्हणजे फक्त आठ कंटेनर. हळदीचं तर विचारूच नको. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकणारं पीक ते. बेदाणा शीतगृहात वर्षभर राहतो. आपल्या जिल्ह्याने टिकणाऱ्या मालावर पैसा मिळवला आहे आणि ती आपली ताकद आहे.

विमानाला लागतो असा माल आपल्याकडे आहे, पण तो वेगळा आहे. साताऱ्याकडची स्ट्रॉबेरी, पॉलीहाऊसमधला जरबेरा, कुपवाड एमआयडीसीतून एखाद्या परदेशी कारखान्याची लाइन थांबलीय म्हणून तातडीने जाणारा सुटा भाग. आणि आमच्या मिरजेची सतार, तंबोरा.

तंबोऱ्यावरून तुला विमानाचा दर कसा लागतो ते दाखवतो. विमानात जागा दोन प्रकारे संपते, वजनाने आणि आकारमानाने. म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 6000 ने भागायचं. येईल ते आकारमानाचं वजन. खरं वजन आणि हे, दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे. समजा तंबोऱ्याची पेटी 150 बाय 50 बाय 45. भागाकार येतो सव्वाछप्पन्न किलो. पेटीसकट खरं वजन वीस किलो असलं तरी पैसे सव्वाछप्पन्नाचे. भोपळ्याच्या आत हवा आहे आणि तिचं भाडं गिऱ्हाईक देतो. जरबेऱ्याचंही हेच. उलट द्राक्षाचं किंवा कास्टिंगचं खोकं वजनाला भारी आणि आकाराने लहान. चांगला लोड प्लॅनर एकाच पॅलेटवर खाली जड आणि वर हलका माल लावतो, जागा आणि वजन दोन्ही एकदम संपवतो, आणि त्या जुळणीतून कंपनीचा नफा निघतो. मी सतारीच्या पेट्या आणि वाहनांचे सुटे भाग एका पॅलेटवर लावलेले आहेत, मध्ये प्लाय घालून, आणि नेट स्वतः ओढून बघितलेलं आहे.

आता हिशेब. कवलापूरसारख्या छोट्या धावपट्टीवर फार तर एटीआरसारखं विमान उतरेल, ज्यात साधारण 8 टन माल बसतो. एका दहा चाकी ट्रकमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त बसतो. ते विमान तासाभरात मुंबईला जाईल खरं, पण माल दोन-तीन तास आधी द्यावा लागेल, तपासणी होईल, उतरल्यावर पुन्हा वाट बघावी लागेल. आपली रेफर गाडी, म्हणजे माल थंड ठेवणारा ट्रक, संध्याकाळी आठला सांगलीहून निघाली की पहाटे मुंबईत असते, आणि नवी मुंबईचा विमानतळ तर आपल्याला सहारपेक्षा जवळ. विमानाने तीन-चार तास वाचतील आणि त्यासाठी किलोमागे कितीतरी पट पैसे मोजावे लागतील. आणि परतीला काय? मुंबईहून सांगलीला रोज रात्री 8 टन असं काय येतं जे ट्रकने उद्या सकाळी आलं तर चालणार नाही? औषधं आणि ऑनलाइनची पार्सलं, एवढंच मला सुचतं, आणि ती आज ट्रकने वेळेत येतात.

म्हणून माझं उत्तर, आज तरी, नाही असं आहे. विमानतळ व्हावा असं मला मनापासून वाटतं. रुग्णासाठी, उद्योजकासाठी, आपल्या पोरांसाठी व्हावा, आणि प्रवासी विमान आलं की त्याच्या पोटातून जरबेरा आणि सुटे भाग जातीलही. फक्त निव्वळ मालवाहू सेवेसाठी कुणी तुझ्याकडे भागभांडवल मागितलं तर बागेवर कर्ज काढू नकोस.

त्याऐवजी एक काम कर. येत्या हंगामात ऑक्टोबर ते मार्च एक वही ठेव. मिरज, तासगाव, वाई, महाबळेश्वर इथून रोज रात्री नाशवंत किंवा तातडीचा किती किलो माल कुठल्या शहरासाठी निघाला, खोक्याचं माप काय, आणि त्याच गाडीने परत येताना काय आणलं. ट्रान्सपोर्टवाले, फुलांचे एजंट, कुरियरची ऑफिसं, सतारमेकर गल्ली, सगळीकडे स्वतः जाऊन विचार. परतीचा रकाना मोठा ठेव, कारण तो भरायलाच सगळ्यात जास्त फिरावं लागेल. मार्चअखेर वही घेऊन विश्रामबागला माझ्याकडे ये, आपण दोघं बसून त्यावर दर लावू.